सुई-दोऱ्याचं नोबेल

तुटलेली रक्तवाहिनी शिवता येते, हे त्यानं जगाला करून दाखवलं. हृदयाचा तुकडा काचेत जगवायचा ध्यास घेतला. एकोणचाळिसाव्या वर्षी नोबेल मिळवलं. आणि पुढे असं काही लिहून ठेवलं की, त्याच्याच गावातल्या मेडिकल कॉलेजवरून त्याचं नाव काढून टाकावं लागलं. अ‍ॅलेक्सी कॅरेल नावाच्या सर्जनची ही गोष्ट.

शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही काय करता? हॉस्टेलवर असाल तर रूममेटकडे सुई-दोरा मागता, घरी असाल तर आईला हाक मारता. दोन मिनिटांत काम होतं. आता कल्पना करा, की तुमच्यासमोर बटणाऐवजी एक रक्तवाहिनी आहे. तिची जाडी नूडलएवढी आणि भिंत भिजलेल्या कागदासारखी लिबलिबीत. तिचे दोन तुकडे झालेत. ते असे जोडायचेत की बाहेर रक्त गळता कामा नये आणि आत गुठळीही होता कामा नये. शिवाय शिवल्यावर ती चिमटून अरुंद झाली, तर सगळी मेहनत पाण्यात.

सव्वाशे वर्षांपूर्वी हे काम भल्याभल्या सर्जनना भरवशानं जमत नव्हतं. आज तुमच्या ओळखीतल्या कुणाची तरी बायपास झालेली असते, कुणाला दुसऱ्याची किडनी बसवलेली असते. या ऑपरेशनांमध्ये रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडावीच लागते. आणि हल्ली तुम्ही सायन्सच्या पानावर आणखी एक बातमी वाचत असाल, नॅनोफायबरपासून बनवलेल्या हृदयाच्या ठिगळाची. हार्ट अ‍ॅटॅकनंतर मेलेल्या स्नायूवर लावायचं, जिवंत पेशींनी भरलेलं ठिगळ. यातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात शोधत मागे गेलात, तर तुम्ही फ्रान्समधल्या लियाँ शहरात पोहोचता. आणि तिथे तुम्हाला भेटतो मेडिकलचा एक विद्यार्थी, वय वर्षं वीस.

राष्ट्राध्यक्ष वाचले असते का?

लियाँ हे रेशमाचं शहर. अ‍ॅलेक्सीचा जन्म २८ जून १८७३ चा, शहराला लागूनच असलेल्या सेंट-फोय गावातला. वडील कापडाच्या धंद्यात होते. अ‍ॅलेक्सी लहान असतानाच ते गेले आणि तीन मुलांना आईनं एकटीनं वाढवलं. मुलगा हुशार होता, मेडिकलला गेला.

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो एका प्रदर्शनासाठी लियाँला आले होते. संध्याकाळी ते बग्गीतून निघाले असताना एका तरुण इटालियन अराजकवाद्यानं त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती. शहरातले नामांकित सर्जन धावले, पण त्या शिरेला टाके घालण्याची खात्रीची पद्धतच कुणाकडे नव्हती. मध्यरात्र उलटल्यावर राष्ट्राध्यक्षांचा मृत्यू झाला.

सगळं शहर हळहळलं. अ‍ॅलेक्सी मात्र एका प्रश्नाला चिकटून बसला. कापलेलं आतडं शिवता येतं, फाटलेली कातडी शिवता येते, मग शीर का नाही? शिवता आली असती तर माणूस वाचला असता, असं तो उघडपणे म्हणू लागला. वरिष्ठांना ते फारसं रुचलं नाही. कालचं पोर आम्हाला शिकवणार, ही भावना तुम्हालाही ओळखीची असेल!

भरतकामवाल्या बाईंचा शिष्य

अडचण नेमकी काय होती, ते बघा. रक्तवाहिनीला आतून अतिशय गुळगुळीत अस्तर असतं. ते अस्तर शाबूत असेल तोवर रक्त मुकाट वाहतं. सुईनं ते फाटलं किंवा बाहेरचा खरबरीत थर, दोऱ्याचा तुकडा आत डोकावला, की रक्त तिथे गोठायला लागतं. त्या काळच्या सुया जाड आणि दोरे त्याहून जाड. त्यामुळे टाका घातला की भोक, भोकातून गळती आणि आत गुठळी.

यावर उपाय शोधायला अ‍ॅलेक्सी कुठे गेला असेल? लियाँमध्ये मादाम लेरुदिए नावाच्या भरतकामात नावाजलेल्या बाई होत्या. हा त्यांच्याकडे टाके शिकायला गेला. अगदी बारीक सुई कशी धरायची, धागा कसा ओढायचा, कापड न चुरगाळता कडा कशा जुळवायच्या, हे सगळं त्यानं त्यांच्याकडून घेतलं. मग कागदावर टाके घालायचा सराव सुरू केला. शिवणकामाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्वांत बारीक सुया आणि रेशमाचा तलम धागा आणला. सुई-दोऱ्याला व्हॅसलीन चोपडलं, म्हणजे धागा सुळकन जातो आणि भोकही बुजतं. रक्तवाहिनीच्या कडा किंचित बाहेर दुमडून अस्तराला अस्तर भिडवलं.

त्याची खरी युक्ती पुढेच आहे. ती तुम्हाला घरी करून बघता येईल. जुन्या मोज्याचे आडवे दोन तुकडे करा आणि त्यांची गोल तोंडं एकमेकांना शिवायला घ्या. गोल काठ सारखा हातातून निसटतो आणि समोरची बाजू चुकून मागच्या बाजूला शिवली जाते. आता त्या गोलावर सारख्या अंतरावर तीन ठिकाणी टाके घाला आणि तिघांचे दोरे तीन दिशांना ताणून धरा. गोलाचा त्रिकोण होतो! मग तीन सरळ बाजू शिवायच्या, बस. ताणल्यामुळे तोंड अरुंद होत नाही आणि मागची बाजू सुईत सापडत नाही. १९०२ मध्ये कॅरेलनं ही पद्धत लियाँच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. सर्जन आजही ही पद्धत शिकतात.

लियाँ सुटलं

इतकं करूनही लियाँमध्ये त्याला मनासारखी जागा मिळाली नाही. १९०२ मध्येच तो आजारी यात्रेकरूंच्या गाडीबरोबर डॉक्टर म्हणून लूर्दला गेला होता. हे कॅथलिकांचं मोठं तीर्थक्षेत्र. तिथे क्षयरोगानं मरणपंथाला लागलेली एक तरुणी त्याच्या डोळ्यांदेखत सुधारली. पाहिलं ते त्यानं सांगितलं. धर्मगुरूंना तो फार चिकित्सक वाटला आणि डॉक्टर मंडळींना फार भाबडा. दोन्हीकडून बोलणी बसली. तिथल्या हॉस्पिटलमध्ये आता आपलं काही खरं नाही, हे त्यानं ओळखलं आणि १९०४ मध्ये समुद्र ओलांडून आधी मॉन्ट्रिअल आणि मग शिकागो गाठलं.

शिकागो विद्यापीठात त्याला चार्ल्स गथ्री नावाचा तितकाच कसबी सहकारी भेटला. दोघांनी कुत्र्यांवर प्रयोगांचा सपाटा लावला. शिरेचा तुकडा कापून धमनीत बसव, किडनी काढून परत जोड. एका कुत्र्याचं हृदय काढून दुसऱ्याच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडलं, तर ते काही काळ धडधडलंसुद्धा. हे साल होतं १९०५. माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण त्यानंतर बासष्ट वर्षांनी झालं. पुढे नोबेल मात्र एकट्या कॅरेलला मिळालं. गथ्रीचाही त्यात वाटा असायला हवा होता, असं मानणारे बरेच जण आहेत.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटनं त्याला बोलावून घेतलं. तिथे १९०८ मध्ये एक प्रसंग घडला. एका सर्जनच्या नवजात मुलीचा रक्तस्राव थांबेना. रक्तपेढी हा प्रकार तेव्हा नव्हता आणि रक्त बाटलीत साठवून ठेवायची सोयही नव्हती. रात्री कॅरेलला उठवून आणलं गेलं. घरातल्याच टेबलावर त्यानं वडिलांच्या मनगटाची धमनी बाळाच्या पायातल्या काडीएवढ्या शिरेला शिवली आणि बापाचं रक्त थेट लेकीच्या अंगात गेलं. पांढरीफटक पडलेली मुलगी गुलाबी झाली आणि वाचली. कागदावर गिरवलेले टाके असे कामी आले.

१९१० मध्ये त्यानं कुत्र्याच्या हृदयावर बायपासचाही प्रयत्न केला. महाधमनीतून हृदयाच्या धमनीला नवा रस्ता काढून द्यायचा, ही कल्पना आजचीच. पण धडधडणारं हृदय थांबवून शरीराचं रक्ताभिसरण चालू ठेवणारं यंत्र तेव्हा नव्हतं आणि तो कुत्रा काही जगला नाही. याच वर्षांमध्ये त्याला आणखी एक गोष्ट कळली होती. प्राण्याची स्वतःचीच किडनी काढून परत जोडली तर चालते. दुसऱ्याची जोडली तर टाके कितीही सुरेख असोत, काही दिवसांत ती बंद पडते. म्हणजे अडचण शिवणकामाची उरलेली नव्हती. परकं मांस शरीर ओळखतं आणि नाकारतं. या भिंतीपुढे सुई-दोरा काहीच करू शकत नव्हता.

१९१२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल रक्तवाहिन्यांच्या टाक्यांसाठी आणि अवयव जोडण्याच्या कामासाठी कॅरेलला मिळालं. अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला मिळालेलं वैद्यकशास्त्राचं हे पहिलं नोबेल.

काचेतलं हृदय

नोबेलच्याच वर्षी, १७ जानेवारी १९१२ रोजी, कॅरेलनं एक प्रयोग लावला. त्यानंच तो पुढे जगात सर्वाधिक गाजला. अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाचा एक छोटा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून जगवायचा, असा हा प्रयोग.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याची वाट रॉस हॅरिसन यांनी दाखवली होती. कॅरेलचा सहकारी माँट्रोज बरोज त्यांच्याकडून ते तंत्र शिकून आला. दोघांनी मिळून त्याला 'टिश्यू कल्चर' हे नाव रूढ केलं. त्यातली मेख अशी, की पेशी नुसत्या पाण्यासारख्या द्रवात तरंगत ठेवल्या तर धड वाढत नाहीत. त्यांना धरायला काहीतरी लागतं, वेलाला मांडव लागतो तसं. मग या लोकांनी रक्तातला प्लाझ्मा गोठवून त्याचा थर केला आणि त्यात तो तुकडा बसवला. पेशी त्या थरातून हातपाय पसरत बाहेर सरकू लागल्या.

गोठलेल्या प्लाझ्मात असतं काय? फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. हे तंतू इतके बारीक असतात, की त्यांची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. तुमचा एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. कॅरेलच्या मायक्रोस्कोपखाली हे तंतू नीट दिसणंही शक्य नव्हतं. 'नॅनोफायबर' हा शब्द त्याच्या काळात नव्हताच. पण हृदयाच्या पेशी १९१२ मध्येच नैसर्गिक नॅनोफायबरच्या जाळ्यावर वाढत होत्या.

आजचा मांडव

इथे जरा कॅरेलला न्यूयॉर्कमध्येच सोडून आपण आपल्या काळात येऊ. हार्ट अ‍ॅटॅक येतो म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते आणि तिच्या वाट्याचा स्नायू मरतो. एका मोठ्या अ‍ॅटॅकमध्ये शंभर कोटींच्या घरात पेशी जाऊ शकतात. कातडी खरचटली तर नवी येते. हृदयाचं तसं नाही. मोठ्या माणसाच्या हृदयात वर्षाला जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी स्नायूपेशी नव्यानं तयार होतात. त्यामुळे मेलेल्या जागी शरीर घट्ट व्रणाचा पडदा बांधतं. हा पडदा हृदय फाटू देत नाही, पण आकुंचनही पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार पडत जातो आणि पंप हळूहळू थकतो.

मग बाहेरून नव्या पेशी टोचल्या तर? तेही करून पाहिलं गेलं. पण टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक रक्ताबरोबर वाहून जातात किंवा काही दिवसांतच मरतात. त्यांना पुन्हा तेच हवं असतं, धरायला मांडव!

हा मांडव बनवण्याची एक पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग. जत्रेत म्हातारीचे केस तयार होताना तुम्ही पाहिले असतील. यंत्र वेगळं, पण डोळ्यांसमोर तसंच चित्र आणा. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण भरायचं, तिच्या सुईला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. सुईच्या टोकावरचा थेंब विजेच्या ओढीनं निमुळता होतो आणि त्यातून एक बारीक धार सुटते. हवेतून जाता जाता तिच्यातला द्रावक उडून जातो आणि समोरच्या फिरत्या ड्रमवर तलम धागे गोळा होतात. ही युक्ती मुळात कापडधंद्याचीच. अँटन फॉर्महाल्स यांना कृत्रिम धागे काढण्यासाठी तिचं अमेरिकन पेटंट १९३४ मध्ये मिळालं. कॅरेल तेव्हा त्याच देशात काचेतल्या पेशींमध्ये बुडालेला होता. या दोन गोष्टी एकत्र यायला पुढे बरीच दशकं जावी लागली.

धागे वेगात फिरणाऱ्या ड्रमवर गोळा केले तर ते एका दिशेनं रांगेत बसतात. हृदयाच्या पेशी अशा रांगेवर ठेवल्या की त्याही त्याच दिशेनं लांबट होतात आणि एकत्र आकुंचन पावायला लागतात. धागे कशाचे घ्यायचे, हाही मोठा प्रश्न. शरीरात सावकाश विरघळणारं पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पेशींना आवडणारं जिलेटिन किंवा कोलॅजन आणि विजेचा संदेश पोहोचावा म्हणून त्यात मिसळलेले कार्बन नॅनोट्यूबसारखे पदार्थ, असे नाना प्रयोग चालू आहेत.

पण अजून हे ठिगळ तुमच्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये मिळत नाही. नॅनोफायबरचं बरंचसं काम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर आहे. जर्मनीत ग्योटिंगेनच्या शास्त्रज्ञांनी कोलॅजनमध्ये वाढवलेल्या हृदयस्नायूचं ठिगळ माकडांवर आणि नंतर एका रुग्णावर लावल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. ते नॅनोफायबर कातून केलेलं नसलं, तरी विचार तोच. अडचणी दोन मोठ्या. नव्या पेशींचा ठेका जुन्या हृदयाशी जुळला नाही तर ठोके बिघडतात. आणि ठिगळ थोडं जाड झालं की आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, त्यासाठी त्यात रक्तवाहिन्या लागतात. म्हणजे फिरून गाडी कॅरेलच्या पहिल्या प्रश्नावर येते.

अमर पेशींची दंतकथा

आता परत त्या काचेच्या भांड्याकडे. सुरुवातीला तो तुकडा धडधडत होता. पुढे धडधड थांबली, पण पेशी वाढतच राहिल्या. मात्र या धडधडणाऱ्या स्नायूपेशी नव्हत्या, जोडऊतींच्या पेशी होत्या. रोजची देखभाल अल्बर्ट एबेलिंग हा सहकारी करायचा. दर काही दिवसांनी तुकडा कापून नव्या प्लाझ्मावर ठेवायचा आणि कोंबडीच्या गर्भाचा अर्क खाऊ घालायचा. वर्ष गेलं, दहा गेली, वीस गेली. वर्तमानपत्रांनी त्याला कोंबडीचं अमर हृदय करून टाकलं. दर जानेवारीत त्याच्या वाढदिवसाच्या बातम्या छापून यायच्या. कॅरेलच्या लॅबमध्ये सगळे काळे गाऊन घालून वावरायचे, त्यामुळे गूढ आणखी वाढायचं. प्रयोग अखेर १९४६ मध्ये थांबवला गेला. तोवर चौतीस वर्षं झाली होती.

यातून कॅरेलनं निष्कर्ष काढला होता, की पेशी मुळात अमर असतात, नीट खाऊपिऊ घातलं तर त्या कायम विभागत राहतात. नोबेलवाल्या माणसाचं म्हणणं! दुसऱ्या लॅबमध्ये पेशी मेल्या की लोक समजायचे, आपलंच काहीतरी चुकलं. मग १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं, की माणसाच्या सामान्य पेशी साधारण चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि मग थांबतात. कॅरेलचा निकाल कुणालाच पुन्हा मिळवता आला नाही. मग त्याच्या पेशी चौतीस वर्षं कशा टिकल्या? एक शक्यता अशी सांगितली जाते, की जो अर्क खाऊ म्हणून घातला जायचा, त्यातूनच दर वेळी थोड्या ताज्या पेशी भांड्यात पडत असाव्यात. हे नकळत होत होतं की कुणाला माहीत होतं, याचा निकाल लागलेला नाही.

तुम्ही प्रॅक्टिकलला रीडिंग मनासारखं आलं नाही म्हणून शेजारच्या जर्नलमधलं उतरवलं असेल, तर हा प्रसंग लक्षात ठेवा. एका मोठ्या माणसाच्या शब्दाखातर जवळजवळ पन्नास वर्षं शास्त्रज्ञांनी आपल्या डोळ्यांसमोरचं रीडिंग चुकीचं मानलं.

युद्ध आणि एक वैमानिक

पहिल्या महायुद्धात कॅरेल फ्रान्सला परतला. जखमांपेक्षा त्यात होणाऱ्या संसर्गानं सैनिक मरत होते आणि पेनिसिलिन यायला अजून अवकाश होता. हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यानं सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणानं जखमा धुण्याची पद्धत बसवली. म्हणजे घरात वापरतो त्या ब्लीचचाच पातळ भाऊ. जखमेत रबरी नळ्या ठेवायच्या आणि ठरावीक तासांनी द्रावण सोडायचं. कितीतरी जणांचे हातपाय यामुळे वाचले. १९१३ मध्ये लग्न झालेली त्याची बायकोही या कामात परिचारिका म्हणून त्याच्याबरोबर होती.

पुढे १९३० मध्ये त्याच्याकडे एक अनपेक्षित पाहुणा आला. विमानानं अटलांटिक एकट्यानं ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग! त्याच्या बायकोच्या मोठ्या बहिणीची हृदयाची झडप संधिवाताच्या तापानं खराब झाली होती. हृदय थोडा वेळ थांबवून झडप दुरुस्त का करत नाहीत, तोवर रक्त पंपानं फिरवता येणार नाही का, असा त्याचा सरळ इंजिनीअरी प्रश्न होता. कॅरेलनं त्याला लॅब खुली करून दिली. १९३५ मध्ये लिंडबर्गनं काचेचा पंप तयार केला. शरीराबाहेर काढलेला अवयव त्यात जंतुसंसर्ग होऊ न देता कित्येक दिवस जिवंत ठेवता येत होता. ज्या बहिणीसाठी हे सुरू झालं, ती मात्र तोवर गेली होती.

अंधारी बाजू

गोष्ट इथे संपली असती तर कॅरेलचा फोटो आज कदाचित प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या भिंतीवर दिसला असता. पण त्याच १९३५ मध्ये त्याचं एक पुस्तक आलं, माणूस या अज्ञात प्राण्याबद्दल. ते प्रचंड खपलं आणि अनेक भाषांमध्ये गेलं. त्यात शरीर आणि मनाविषयीच्या विवेचनाबरोबर एक भयंकर विचारही होता. माणसांमध्ये श्रेष्ठ आणि कनिष्ठ असतात, श्रेष्ठांची पैदास वाढवावी, असं त्याचं म्हणणं. काही प्रकारचे गुन्हेगार आणि गुन्हा केलेले मनोरुग्ण यांना विषारी वायूनं सोयीस्करपणे संपवावं, असंही त्यानं सुचवलं. जर्मन आवृत्तीसाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत तर नाझी सरकारच्या अशाच उपायांची वाखाणणी केली.

असे विचार त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात बऱ्याच शिकलेल्या लोकांचे होते, हे खरं. लिंडबर्गही त्याच वाटेचा. पण त्यानं कॅरेलची जबाबदारी कमी होत नाही. जर्मनीत थोड्याच वर्षांत वायूच्या खोल्या प्रत्यक्षात उभ्या राहिल्या. शिवाय टाक्यांच्या बाबतीत या माणसानं प्रत्येक गोष्ट आधी करून पाहिली होती. समाजाबद्दल लिहिताना मात्र त्यानं काहीच तपासलं नाही, नुसती नोबेलची मोहर वापरली.

१९३९ मध्ये तो रॉकफेलरमधून निवृत्त झाला. १९४१ मध्ये तो फ्रान्सला परतला. नाझींशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारनं त्याला मानवी प्रश्नांच्या अभ्यासासाठी एक मोठी संस्था काढून दिली. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर शत्रूला साथ दिल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि त्याला पदावरून दूर केलं गेलं. खटला उभा राहिलाच नाही. त्याआधीच, ५ नोव्हेंबर १९४४ रोजी, तो पॅरिसमध्ये गेला. त्याला आजार हृदयाचा होता.

नाव आणि टाका

लियाँच्या एका मेडिकल कॉलेजला पुढे कॅरेलचं नाव दिलं गेलं होतं. १९९० च्या दशकात लोकांनी ते जुनं पुस्तक पुन्हा उघडून वाचलं आणि आवाज उठवला. १९९६ मध्ये ते नाव बदलून स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेकचं नाव दिलं गेलं. फ्रान्समधल्या अनेक शहरांनी रस्त्यांवरच्या त्याच्या पाट्याही उतरवल्या.

हे योग्य झालं का? तुमच्या कट्ट्यावर यावर वाद रंगू शकेल. मला विचाराल तर योग्यच झालं. रस्त्याला किंवा कॉलेजला नाव देतो तेव्हा आपण त्या माणसाचा आदर्श पुढे ठेवतो. तपासल्याशिवाय ज्यांना कनिष्ठ ठरवलं, त्यांच्या मुलाबाळांनी त्या पाटीखालून शिकायला का जावं? पण नाव उतरवलं म्हणून टाके उसवायचं कारण नाही. तीन दोरे ताणून गोलाचा त्रिकोण करण्याची युक्ती खरी आहे, कारण ती कुणीही, कुठेही करून पाहू शकतं आणि ती चालते. अमर पेशी टिकल्या नाहीत, कारण त्या दुसऱ्या कुणाच्याच भांड्यात जगल्या नाहीत. माणसांच्या श्रेष्ठ-कनिष्ठपणाबद्दल त्यानं जे लिहिलं, त्याला तर प्रयोगाचा आधारच नव्हता.

त्यामुळे पुढच्या वेळी मोबाइलवर हृदय पूर्ववत करणाऱ्या नॅनोफायबरची बातमी आली, की लगेच फॉरवर्ड करू नका. आधी तीन गोष्टी शोधा. प्रयोग कुणावर झाला, उंदरावर, डुकरावर की माणसावर? किती जणांवर आणि किती दिवस? आणि तोच निकाल दुसऱ्या एखाद्या लॅबला मिळाला का? उत्तरं सापडली नाहीत तर तुमच्या कॉलेजमधल्या बायोलॉजीच्या किंवा मटेरियल सायन्सच्या सरांना, मॅडमना गाठा. या क्षेत्रात रसायनशास्त्र, टेक्स्टाइल, इलेक्ट्रॉनिक्स, मेडिकल अशा सगळ्या शाखांची माणसं लागतात. त्यामुळे प्रश्न विचारता विचारता तुम्हाला तुमचा प्रोजेक्टही सापडून जाईल. आणि हाताला सवय हवी असेल, तर जुना मोजा, बारीक सुई आणि रेशमाचा धागा एवढ्यावर आज रात्रीच सुरुवात करता येईल.